बाटली क्रमांक ५३-एन

पंजाबातल्या मलकोवाल या गावात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. लस पाच बाटल्यांतून आली होती. चार बाटल्यांतली लस ज्यांनी घेतली, ते घरी जाऊन आपापल्या कामाला लागले. पाचव्या बाटलीतली लस १९ जणांच्या वाट्याला आली आणि ते एकोणीसही जण धनुर्वाताने दगावले. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. ती मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत ४१ दिवस आधी भरलेली होती.

मलकोवाल आज पाकिस्तानात आहे. परळची ती वास्तू मात्र जागच्या जागी आहे आणि तिच्यावर ज्याचे नाव आहे, त्याच माणसाला या एकोणीस मृत्यूंसाठी जबाबदार धरण्यात आले होते. मुंबईकर ‘हाफकिन’ हा शब्द संस्थेचे नाव म्हणून सहज उच्चारतो. सर्पदंशावरची लस, पोलिओचे डोस एवढे त्याच्या ओळखीचे असते. पण वॉल्डेमार हाफकिन नावाच्या माणसावर काय गुदरले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. साथीच्या काळात औषध देणाऱ्याचे दायित्व कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न कोविडच्या दिवसांत आपल्या डॉक्टरांना, इस्पितळांना आणि लस बनवणाऱ्यांना भेडसावत होता. हाफकिनच्या आयुष्याचा मधला भाग म्हणजे त्याच प्रश्नाची शंभर वर्षांपूर्वीची कर्मकहाणी आहे.

हाफकिनचा जन्म १८६० सालचा, रशियन साम्राज्यातला, ज्यू कुटुंबातला. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातल्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला. इल्या मेचनिकोव हे पुढे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ त्याचे गुरू. तरुणपणी झारविरोधी क्रांतिकारकांत त्याची ऊठबस होती. ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तो होता, जखमी झाला, तुरुंगातही गेला. हुशारीबद्दल कोणाला शंका नव्हती. पण विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे तर धर्म बदलावा लागेल, अशी अट होती. त्याने ती मानली नाही. संग्रहालयातल्या नोकरीवर काही वर्षे काढून १८८८ मध्ये त्याने देश सोडला. आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस. तिथल्या पाश्चर संस्थेत जागा मिळाली ती ग्रंथपालाच्या हाताखालची. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्याचा क्रम होता.

त्या काळात युरोपला पटकीने पछाडले होते. हाफकिनने पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. ती माणसाला चालते की नाही, हे पाहण्यासाठी दुसरा माणूस शोधण्याऐवजी त्याने १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि उतरले. हा केवळ धाडसाचा प्रकार नव्हता. ज्या जोखमीत आपण दुसऱ्याला ढकलणार, ती आधी स्वतःच्या अंगावर घ्यायची, हा त्याचा अलिखित नियम होता. रुग्णाच्या लेखी संमतीचे कायदे जगात कुठेच नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

पॅरिसमध्ये लसीचे फारसे स्वागत झाले नाही. पटकीचे माहेरघर हिंदुस्थान. म्हणून १८९३ मध्ये तो कलकत्त्याला आला. पुढच्या सव्वादोन वर्षांत त्याने सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. वस्त्यांमध्ये लोक त्याच्यावर बिथरत, तेव्हा तो आधी सर्वांसमोर आपल्या अंगात सुई खुपसून घेई. सक्ती त्याने कधी केली नाही. शिवाय एकाच वस्तीतल्या, एकाच घरातल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची तो वेगवेगळी नोंद ठेवी. मलेरियाने खंगून १८९५ मध्ये तो परत गेला आणि बरे वाटताच पुन्हा आला.

दरम्यान मुंबईत अघटित घडत होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी रोग ओळखला: गाठीचा प्लेग. शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांना मजूर मिळेनात, गोदीत माल पडून राहू लागला. हाफकिनला कलकत्त्याहून बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला लहानशी जागा आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई मिळाले. एवढ्या संसारावर त्याने लस तयार करायला घेतली. बोकडाच्या मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना जंतूंच्या झुंबरासारख्या माळा लोंबू लागल्या की त्या हलवून खाली पाडायच्या आणि पुन्हा वाढू द्यायच्या. शेवटी उष्णतेने जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जवळजवळ निम्मे कैदी लस घ्यायला आपणहून पुढे आले. लस न घेतलेल्यांपैकी बाराजणांना प्लेग झाला, सहाजण गेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले. शहरात ही वार्ता पसरली. विशीतल्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी माझगावचा आपला बंगला दिला. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये आली.

याच आठवड्यांत सरकारही एक लस तयार करत होते. फक्त ती कायद्याची होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. साथ आवरण्यासाठी सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, नियम मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा आणि सद्भावनेने कृती करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण. घरे उघडणे, माणसे उचलून नेणे, प्रवाशांची तपासणी करणे, सारे त्यात बसत होते. पुण्यात त्याचा अंमल कसा झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. सोजिरांनी घराघरांत घातलेला धिंगाणा, २२ जूनच्या रात्री रँडवर झडलेल्या गोळ्या, त्यापाठोपाठ लोकमान्यांवर चाललेला राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

म्हणजे एकाच साथीत, एकाच प्रांतात दोन मार्ग चालू होते. एक हुकमाचा, दुसरा विश्वासाचा. हुकमाच्या मार्गाने जाणाऱ्याला कायद्याने कवच दिले होते. विश्वासाच्या मार्गाने जाणाऱ्या हाफकिनपाशी स्वतःच्या नोंदवह्यांखेरीज काही नव्हते. आणि त्याचे शत्रू कमी नव्हते. तो वैद्यकीय पदवीधर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. इंग्रज नव्हता, रशियातून आलेला ज्यू होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या अनेकांना त्याच्या हाताखाली काम करणे जड जात होते. राणीच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी त्याला सी. आय. ई. हा किताब मिळाला, त्याने ही जळफळाट कमी होण्याऐवजी वाढलीच असावी. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लस उपयोगी असल्याचे मान्य केले. पण तिच्या प्रमाणीकरणाबद्दल नापसंती नोंदवली. ती टीका अगदीच वावगी नव्हती. ठिणगी पडायची तेवढी बाकी होती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर केला. तिथल्या सरकारने प्रचंड प्रमाणावर लस टोचण्याचे ठरवले आणि परळकडे मागणीचा पूर आला. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत निघणे शक्य नव्हते. हाफकिनने प्रक्रिया बदलली. जंतू वाढवण्याची अधिक वेगवान रीत घेतली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तशी पद्धत आधीपासून रुळलेली होती. मग ३० ऑक्टोबर उजाडला.

एकोणीस माणसे गेली, हे भयंकरच होते. गाव हादरले, पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोलमडली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाने निष्कर्ष काढला की, धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले ते ती उघडण्यापूर्वी, म्हणजे परळमध्ये. आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती. हाफकिनला संचालकपदावरून दूर करून रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये तो लंडनला निघून गेला. ज्याच्या लसीने लाखोंना आधार दिला होता, तो चव्वेचाळिसाव्या वर्षी बिनकामाचा झाला.

इथे जरा थांबून पाहिले पाहिजे. हाफकिनवर कोणत्याही न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले नाही. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवण्याचे कलम तेव्हाच्या दंडसंहितेत होते. ते त्याला लावले गेले नाही. वरवर पाहता ही मेहेरबानी वाटेल. प्रत्यक्षात तीच त्याची कोंडी झाली. खटला नाही, म्हणून उलटतपासणी नाही. निकाल नाही, म्हणून अपील नाही. आरोप नाही, म्हणून निर्दोष सुटकाही नाही. उरला तो फक्त ठपका. आणि तो ज्या कागदांवर आधारलेला होता, ते कागद सरकारी कपाटात. ते लोकांसमोर यायला १९०६-०७ साल उजाडावे लागले.

ते आले, आणि रोनाल्ड रॉस यांनी ते वाचले. रॉस म्हणजे मलेरिया डासांमुळे पसरतो हे हिंदुस्थानातच सिद्ध करणारे आणि त्याबद्दल १९०२ मध्येच नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ. त्यांना कागदपत्रांत वेगळेच चित्र दिसले. बाटली उघडताना बूच, बाटलीचा गळा आणि चिमटा कसा निर्जंतुक करायचा, याची पद्धत परळच्या प्रयोगशाळेने घालून दिली होती. पंजाबच्या प्लेग अधिकाऱ्यांनी ती रद्द करून सोपी रीत चालू केली होती. मलकोवालला ५३-एन बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढण्यात आले. गावातल्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असणे ही नित्याची गोष्ट. हे सारे साक्षीपुराव्यात होते. आयोगासमोर आले होते. तरी निष्कर्षात त्याला वजन मिळाले नव्हते.

दुसरेही मुद्दे होते. बाटलीत ४१ दिवस धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर लसीला उग्र दुर्गंधी सुटली असती; उघडणाऱ्याला तशी काही जाणवली नव्हती. तयार विष इतके साठले असते, तर रोगी लगेच आजारी पडले असते. प्रत्यक्षात पहिली लक्षणे दिसायला आठवडा लागला. आणि ज्या कार्बोलिक आम्लावरून एवढे रामायण झाले, त्याच्या अर्ध्या टक्क्याने धनुर्वाताचे चिवट बीजाणू मरत नाहीत. म्हणजे हाफकिनने जुनी पद्धत पाळली असती, तरी हे मृत्यू त्यामुळे टळले असते असे म्हणता येत नव्हते.

जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. हाफकिनवरचा आरोप पुराव्याने खोटा ठरतो, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. फ्रान्समधल्या ड्रायफस प्रकरणाशी त्याची तुलना झाली. तिथेही एका ज्यू अधिकाऱ्याला लपवलेल्या कागदांच्या आधारे दोषी ठरवले होते. अखेर सरकारने त्याला पुन्हा कामावर घेण्याची तयारी दाखवली. १९०७ सरता सरता हाफकिन हिंदुस्थानात परतला, पण परळला नव्हे. तिथली जागा भरली गेली होती. त्याला कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली. माणसांवर लसीच्या चाचण्या करण्याची मोकळीक मात्र मिळाली नाही. ज्याने दोन रोगांवर लशी दिल्या, त्याच्या हातून पुढे नवी लस झाली नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो निवृत्त होऊन फ्रान्सला गेला. लग्न केलेले नव्हते. उतारवयात धर्माकडे ओढा वाढला. जवळचा पैसा ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्याने देह ठेवला. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले.

कोणी म्हणेल, उशिरा का होईना, न्याय झाला. पण याच सुमाराला घडलेली दुसरी एक दुर्घटना शेजारी ठेवून पाहावी. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घटसर्पावरचे औषध दिलेली १३ मुले धनुर्वाताने मरण पावली. औषध ज्या घोड्याच्या रक्तापासून काढले, त्यालाच धनुर्वात झालेला होता. रोग तोच, दुर्घटना तशीच. पण अमेरिकेत त्यातून १ जुलै १९०२ रोजी कायदा निघाला: लशी आणि रक्तजल बनवणाऱ्याला परवाना हवा, कारखान्याची तपासणी हवी, बाटलीवर नाव आणि मुदत हवी. मलकोवालच्या चारच महिने आधीची ही गोष्ट. तिथे प्रश्न पडला, हे घडले कसे? इथे विचारले गेले, हे केले कोणी? पहिल्या प्रश्नातून नियम जन्मला, दुसऱ्यातून एक बळी.

त्या एका प्रश्नाचे महत्त्व आपल्याला पुन्हा २०२० मध्ये कळले. कोविड आला तेव्हा सरकारने हाती घेतला तो १८९७ चाच साथरोग कायदा, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुकानदार, कारखानदार, इस्पितळे यांच्यावर रोज नवे आदेश निघत होते. आपत्ती कायद्यात तर कंपनीकडून उल्लंघन झाल्यास तिचा कारभार पाहणारेही दोषी धरले जातात. दुसरीकडे डॉक्टरांवर, परिचारिकांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश आला, सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. आरोग्यसेवकांवर हिंसा करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद. सव्वाशे वर्षांत त्या जुन्या कायद्याने प्रथमच औषध देणाऱ्या माणसाकडे मान वळवून पाहिले.

पण दंडुक्यापासून संरक्षण आणि ठपक्यापासून संरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या बाबतीत कायदा हळूहळू शहाणा झाला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. २००५ मध्ये पंजाबातूनच आलेल्या एका प्रकरणात, जिथे रोग्याला लावलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले होते, त्याच न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरवर फौजदारी खटला भरायचा तर निष्काळजीपणा ढळढळीत असला पाहिजे आणि आधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घेतले पाहिजे. मे २०२२ मध्ये त्याने लसीची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे म्हटले आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता याव्यात, असाही आदेश दिला. हाफकिनने जी दोन तत्त्वे आपणहून पाळली, संमती आणि नोंद, त्यांना न्यायालयाची मोहर लागायला एवढी वर्षे गेली.

आज लसीकरण केंद्रावर उघडलेल्या बाटलीवर वेळ लिहिलेली असते. कोविशील्डची बाटली उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची, असा नियम होता. सुई एकदाच वापरता येईल अशी. बाटलीचा गटक्रमांक नोंदला जातो. काही विपरीत घडले तर ते कळवण्याची ठरलेली पद्धत आहे, आणि त्या चौकशीत लस बनवताना, साठवताना आणि टोचताना काय झाले हे तिन्ही अंगांनी तपासले जाते. रांगेत ताटकळणाऱ्याला ही सारी कागदी कटकट वाटते. सकाळपासून शंभर जणांना टोचून दमलेल्या परिचारिकेलाही वाटत असेल. पण मलकोवालला याच गोष्टींनी एकोणीस जीव वाचले असते आणि एका माणसाचे आयुष्यभराचे काम वाचले असते. नियम बनवणाऱ्याने घालून दिलेली पद्धत तिसऱ्याच अधिकाऱ्याने परस्पर सोपी केली, हा त्या दिवशीचा खरा अपघात होता. चिमटा पडला, तो त्यानंतर.

नियम पाळले म्हणजे अपघात होणारच नाही, असे नाही. पण झालाच तर तो कोणत्या टप्प्यावर झाला हे दाखवता येते आणि ज्याने आपले काम चोख केले त्याला मान वर करून उभे राहता येते. हाफकिनला अखेर सोडवले ते त्याच्या कीर्तीने नाही, राणीच्या किताबानेही नाही. पडलेल्या चिमट्याची साक्ष कोणीतरी इमानाने दिली होती आणि कोणीतरी ती लिहून ठेवली होती. चार वर्षे तो कागद कपाटात होता. तो पहिल्याच दिवशी वाचला गेला असता, तर परळच्या त्या वास्तूतून आणखी काय काय बाहेर पडले असते, याचा अंदाज आता कोणालाच करता येणार नाही.